मशीन ‘नाही’ म्हणालं, तर विचारायचं कुणाला?

आक्कांचा अंगठा काही केल्या लागेना.

सकाळची रांग होती. रेशन दुकानदारानं ई-पॉस मशीन पुढं सरकवलं, आक्कांनी उजवा अंगठा टेकवला. जुळला नाही. पदरानं पुसून पुन्हा टेकवला. नाही. मागच्या बाईंनी सुचवलं, "केसांचं तेल लावा जरा बोटाला, मग लागतंय." आक्कांनी अंबाड्यावरून बोट फिरवलं आणि टेकवलं. तरी नाही. मी दोन माणसं सोडून मागं उभा होतो, तिथून त्यांचा हात नीट दिसत होता. चाळीस वर्षं त्यांनी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या वखारीत हळद निवडली आहे. बोटांची टोकं इतकी झिजलीत की त्यांवरची रेघ शोधावी लागते. नखांच्या कडेची पिवळी झाक मात्र अजून गेलेली नाही.

"अरं बाळा, मीच हाय की. तू वळखतोस न्हवं मला?"

"मी वळखतोय, आक्का. मशीन वळखंना, त्याला मी काय करू?"

दुकानदार वाईट माणूस नाही. लहानपणापासून तो आक्कांना बघतोय. तरी त्या दिवशी आक्का रिकामी पिशवी घेऊन घरी गेल्या. मी पतसंस्थेत सव्वीस वर्षं कॅश सांभाळली. नियमाला बोट लावणं किती अवघड असतं हे मला ठाऊक आहे. पण ‘मी ओळखतोय, मशीन ओळखंना’ हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल, म्हणजे ज्याला सगळे एआय म्हणतात त्याबद्दल, पेपरात रोज काहीतरी येतं. नोकऱ्या जाणार, खोटे व्हिडिओ येणार, यंत्रं माणसाच्या पुढं जाणार. त्या बातम्या वाचताना मला आक्कांची पिशवी आठवते. आक्कांच्या अंगठ्यामागं मुख्य काम ठसे जुळवण्याचं होतं, पेपरात येतं तसल्या एआयचं नव्हे. पण पेच तोच आहे. आपल्याबद्दलचा निर्णय मशीन घेऊ लागलं आणि ते चुकलं, तर जायचं कुणाकडं?

तोडीचा प्रोग्राम

आधी दोन शब्द समजून घेऊ. पहिला अल्गोरिदम. शब्द अवघड, गोष्ट रोजची. साखर कारखान्याचा तोडीचा प्रोग्राम आठवा. लागण कधीची, जात कुठली, आडसाली की खोडवा, नोंद कधी केली, यावरून कुणाच्या उसाला कधी तोड येणार ते ठरतं. ठरलेली माहिती घ्यायची, ठरलेले नियम ठरलेल्या क्रमानं लावायचे आणि निर्णय काढायचा. हाच अल्गोरिदम. कागदावर असला तरी आणि कॉम्प्युटरमध्ये असला तरी.

अशा पद्धतीत नियम माणसानं लिहिलेले असतात. तुमची तोड मागं पडली तर शेतकी ऑफिसात जाऊन विचारता येतं, "माझी लागण त्याच्या आधीची, मग तोड त्याला आधी कशी?" तिथल्या माणसाला वही उघडून दाखवावी लागते. उत्तर पटेल न पटेल, पण भांडायला एक नियम आणि एक माणूस समोर असतो.

अडत्याच्या हाताखालचं पोरगं

दुसरा शब्द एआय. त्याचं वेगळेपण इथं सुरू होतं. त्यात नियम कुणी लिहून दिलेले नसतात. मशीनला जुनी उदाहरणं दाखवतात, हजारो, लाखो, कधी कोट्यवधी, आणि त्यातून मशीन आपले आपण ठोकताळे बांधतं.

यार्डात अडत्याच्या हाताखाली एखादं पोरगं लागतं. त्याला कुणी हळदीचं पुस्तक देत नाही. ते बघत राहतं. मालक हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो, मोडताना टणक आवाज आला का ऐकतो, आणि भाव सांगतो. दोन-तीन हंगामांत पोरगंही हळकुंड मोडून भाव सांगायला लागतं, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो. "कशावरून सांगितलंस?" म्हटलं तर म्हणतं, "दिसतंय की!" त्याला ते सांगता येत नाही, कारण ते नियमानं शिकलेलंच नाही.

एआय असंच शिकतं. फरक इतकाच, की पोरानं काही हजार ढीग बघितले, मशीन काही दिवसांत लाखो बघतं. आणि ‘कशावरून’ या प्रश्नाचं उत्तर मशीनला तर नाहीच, पुष्कळदा ते बांधणाऱ्या इंजिनिअरलाही नेमकं देता येत नाही. आत असंख्य आकडे एकमेकांत गुंतलेले असतात. त्यातल्या कुठल्या आकड्यामुळं तुमचा अर्ज फेटाळला, हे बोट ठेवून दाखवता येईलच असं नाही.

यात काही पाप नाही. एआयनं उसावरची कीड फोटोवरून ओळखावी, पाणी किती द्यायचं ते सांगावं, यासाठी आपल्याकडं कामही सुरू आहे. महाराष्ट्र सरकारनं 2025 साली शेतीतल्या एआयसाठी धोरण मंजूर केलं. तिथं मशीन चुकलं तर एक पाणी जास्त जाईल, पुढच्या वेळी शेतकरी स्वतः सुधारेल. मला काळजी आहे ती मशीन माणसाची पारख करू लागतं तिथली. कर्ज द्यायचं का, पेन्शन चालू ठेवायची का, हा माणूस संशयित आहे का.

पोरगं चुकीचं शिकलं तर?

समजा, त्या अडत्याची जुनी खोड होती. अमुक पट्ट्यातला माल आला की तो भाव पाडूनच सांगायचा, माल चांगला असला तरी. पोरगं तेही शिकणार. त्याच्या मनात त्या पट्ट्याबद्दल काही वाकडं नाही, पण त्यानं बघितलेल्या प्रत्येक सौद्यात तसंच झालेलं आहे.

अ‍ॅमेझॉन कंपनीनं नोकरीचे अर्ज चाळण्यासाठी असं एक मशीन बांधून पाहिलं होतं. त्याला मागच्या दहा वर्षांतले अर्ज दाखवले होते आणि त्यांत बहुतेक पुरुषांचे होते. मशीननं त्यातून काय उचललं? अर्जात ‘महिलांच्या’ बुद्धिबळ क्लबचा वगैरे उल्लेख दिसला की गुण कमी. हे 2018 साली बातम्यांमध्ये आलं, तोवर कंपनीनं तो प्रयोग गुंडाळला होता. त्याच वर्षी अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक महिलांनी आणखी एक गोष्ट मोजून दाखवली. फोटोतली व्यक्ती बाई की पुरुष हे सांगणारी तीन मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं त्यांनी तपासली. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के होती, सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या बायकांच्या बाबतीत ती 34.7 टक्क्यांपर्यंत गेली. सरासरी बघितली तर सॉफ्टवेअर उत्तमच दिसत होतं. उन्हात राबणाऱ्या, सावळ्या बायका आपल्याकडं किती आहेत, हा हिशेब ज्यानं त्यानं करावा. आता रेशनच्या केवायसीला आणि हयातीच्या दाखल्याला चेहरा दाखवायचीही सोय झाली आहे.

आपल्याकडं याला आणखी एक पदर आहे. कुणी म्हणेल, मशीनला जात सांगितलीच नाही, मग भेदभाव होईल कसा? जात विचारली नाही, पण आडनाव आहे, पत्ता आहे, शाळा आहे. गावात कुठली वस्ती कुणाची हे आपल्याला जसं पत्त्यावरून कळतं, तसं मशीनलाही लाखो नोंदींतून कळतं. त्याला ते ‘जात’ म्हणून कळत नाही, ‘या पत्त्यावरची कर्जं कमी मंजूर झालीत’ असं कळतं. निकाल तोच लागतो. आणि तो गणितातून आला म्हणून त्याला कुणी पक्षपात म्हणत नाही. एआयच्या सगळ्या धोक्यांत मला याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटते.

चौकटीत न बसणारी माणसं

चुकीचं शिकण्याइतकाच चुकीच्या जोडणीचा त्रास आहे. सरकारी खात्यांकडं आपली माहिती वेगवेगळ्या ठिकाणी असते. ती जोडून ‘याच्याकडं गाडी आहे, मग हा गरीब कसा’ असं मशीननं ठरवायचं, हा प्रयोग तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावानं झाला. जोडायचं कशावरून? नाव, वय, पत्ता. आता आपल्या भागात एका गावात शिवाजी पाटील किती निघतील? पाटीलचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हेनं होतं, बापाचं नाव कुठं आहे कुठं नाही, वय अंदाजानं लावलेलं. एका शिवाजीचा ट्रॅक्टर दुसऱ्या शिवाजीच्या नावावर चढायला कितीसा वेळ? तेलंगणात सुमारे 19 लाख रेशनकार्डं रद्द झाली होती. घरोघरी जाऊन चौकशी न करता कॉम्प्युटरच्या ताळ्यावर विसंबून ती रद्द झाली, असं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढं गेलं आणि 2022 साली न्यायालयानं ती सगळी पुन्हा प्रत्यक्ष तपासायला सांगितली.

आपल्या राज्यात 2025 साली लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी झाली, तेव्हा नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं होतं. ज्या बाईला नवराही नाही आणि वडीलही हयात नाहीत, तिनं त्या रकान्यात काय भरायचं? अशा कितीतरी जणी मोबाईल हातात धरून बसल्या होत्या. पुढं मुदत वाढवावी लागली आणि त्यांच्यासाठी मृत्यूच्या दाखल्यासारखी कागदपत्रं देण्याची वेगळी सोय करावी लागली. फॉर्म बांधणाऱ्याच्या मनात ती बाई आलीच नव्हती. समोर तलाठी किंवा अंगणवाडीच्या ताई असत्या, तर पहिल्या दिवशीच म्हणाल्या असत्या, "अहो, हिचं काय करायचं?"

शंभरात एक चूक

कंपन्या सांगतात, आमचं मशीन 99 टक्के अचूक आहे. ऐकायला झकास. 2011 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या 28 लाख 22 हजार होती. शंभरात एक म्हणजे 28 हजार माणसं. साताऱ्याची 30 लाख, म्हणजे आणखी 30 हजार.

शिवाय ही चूक सगळ्यांत सारखी वाटली जात नाही. ऑफिसात बसणाऱ्याचा अंगठा दर वेळी लागतो. वीट थापणाऱ्याचा, ऊस तोडणाऱ्याचा, हळद निवडणाऱ्याचा लागत नाही, आणि या महिन्यात लागला नाही तर पुढच्या महिन्यातही बहुधा लागणार नाही. ती एक टक्का माणसं दर वेळी तीच असतात, आणि ज्यांना त्या धान्याची सगळ्यांत जास्त गरज असते त्यांतलीच असतात.

रोकड जुळत नाही

आता सांगतो ती गोष्ट माझ्या फार जवळची आहे. ज्यानं काउंटरवर बसून संध्याकाळी रोकड मोजली आहे, त्याला ती वाचून झोप लागणार नाही.

ब्रिटनमध्ये गावोगावी छोटी पोस्ट ऑफिसं चालवणारे लोक आहेत, बहुधा दुकानाला जोडूनच पोस्ट. 1999 पासून त्यांच्याकडं ‘होरायझन’ नावाची कॉम्प्युटर यंत्रणा बसवली गेली. आणि रोकडीत तूट दिसायला लागली. आज एक हजार पौंड, परवा तीन हजार. माणसं पुन्हा पुन्हा मोजत, पावत्या लावत, रात्री जागत. कराराप्रमाणं तूट त्यांनीच भरायची होती. कुणी साठवणीतले पैसे भरले, कुणी घर गहाण टाकलं. मदतीसाठी फोन केला तर कितीतरी जणांना सांगितलं गेलं की असं फक्त तुमच्याकडंच होतंय. तिथल्या न्यायालयांत कॉम्प्युटर बरोबरच चालत असणार, असं गृहीत धरलं जायचं. चुकीचा असेल तर ते दाखवून देणं आरोपीच्या गळ्यात. 900 हून जास्त लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. काहींनी जीव दिला.

दोष सॉफ्टवेअरमध्ये होता. 2019 साली तिथल्या उच्च न्यायालयानं ते स्पष्ट म्हटलं, आणि 2024 साली संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. मधे वीस वर्षं गेली.

माझ्या टेबलावर एकदा अकराशे रुपये कमी आले होते. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही तिघं मोजत बसलो. शेवटी एका व्हाउचरवरचा एकाचा आकडा सातासारखा वाचला गेला होता, तो सापडला. तो सापडला कारण व्हाउचर कागदाचं होतं, हातात होतं, आणि मॅनेजर म्हणाले होते, "थांब, आधी कागद बघू, मग तुझ्याकडं बघू." त्या पोस्टवाल्यांना बघायला कागदच दिला नव्हता. होरायझनमध्ये एआय नव्हतं, साधं हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं, त्यातली चूक निदान शोधून तरी काढता आली. ज्या मशीनचं ‘कशावरून’ त्याच्या कर्त्यालाही सांगता येत नाही, तिथं काय होईल?

ऑस्ट्रेलियात कॉम्प्युटरनं वर्षाची कमाई सरासरीनं वाटून गरिबांवर थकबाकी काढली. म्हणजे आपल्या ऊसतोड मजुराची हंगामातली कमाई बारा महिन्यांत वाटायची आणि म्हणायचं, तुला तर पावसाळ्यातही पगार होता, घेतलेली मदत परत कर. अशी सुमारे 4 लाख 70 हजार वसुलीची प्रकरणं सरकारला पुढं माघारी घ्यावी लागली. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघराच्या अनुदानात हजारो पालकांना लबाड ठरवलं गेलं, परदेशी मूळ असलेल्यांना तर फार, आणि जानेवारी 2021 मध्ये त्यावरून सरकारला राजीनामा द्यावा लागला. दोन्हीकडं लोक वर्षानुवर्षं सांगत होते की हिशेब चुकतोय.

"पण माणूसही चुकतोच की!"

हा आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. माणूस चुकतो, चिडतो, लाच घेतो, ओळखीच्याला पुढं घालतो. रेशनचा काळाबाजार आपण सगळ्यांनी बघितला आहे. मेलेल्या माणसांच्या नावानं धान्य उचललं जायचं. अंगठा आल्यापासून ते बऱ्याच ठिकाणी थांबलं, हे आक्कांनाही मान्य आहे. पतसंस्थेत ‘साहेबांचा माणूस’ म्हणून मंजूर झालेली कर्जं मी माझ्या हातानं वाटली आहेत. तिथं मशीन असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं.

तरी दोन फरक उरतात. माणूस चुकतो तेव्हा एका टेबलावर चुकतो. एका दुकानदारानं लबाडी केली तर शेजारचा नीट देतो. मशीनमधली चूक एकाच वेळी सगळ्या टेबलांवर तीच असते. शेजारच्या तालुक्यात गेलं तरी उत्तर तेच. दुसरं म्हणजे, माणसाशी बोलता येतं. रागावता येतं, रडता येतं, गावातल्या चार लोकांना घेऊन जाता येतं. लाच घेणाऱ्याविरुद्ध तक्रार होते, त्याची बदली होते. मशीनची बदली कुणी करत नाही. आणि मशीनच्या मागं बसलेला माणूस म्हणतो, "मी काय करू, सिस्टिम घेत नाही." ‘सिस्टिम घेत नाही’ हे तर आता ऑफिसा-ऑफिसांतलं पालुपद झालंय. म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या हातातून अधिकार खरोखरच गेलेला असतो.

मशीन वापरूच नये असं मी म्हणत नाही. मशीननं चाळावं, इशारा द्यावा, शंका दाखवावी. पण कुणाचं धान्य, पेन्शन, कर्ज किंवा अब्रू तोडायची असेल, तर तिथं नाव आणि सही असलेला माणूस हवा, आणि त्या माणसाला मशीनचा निर्णय फिरवायचा खराखुरा अधिकार हवा. नुसता सहीचा शिक्का नको. रोज चारशे प्रकरणं ‘ओके’ करायला बसवलेला माणूस म्हणजे मशीनचाच एक भाग.

रुमालाखालचा सौदा

जुने हळद व्यापारी हत्ता पद्धतीबद्दल सांगतात. सौद्याच्या वेळी अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात रुमालाखाली किंवा उपरण्याखाली धरायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. शेतकरी शेजारीच उभा असायचा. वर्षभराची मेहनत पोत्यांत भरलेली, डोळ्यांपुढं रुमाल हलतोय, आणि शेवटी त्याला एक आकडा सांगायचे. कुणी किती बोललं, का वाढवलं, का सोडलं, त्याला काही कळायचं नाही. भाव कदाचित योग्यही असेल. पण तो योग्य आहे का हे बघायची सोयच त्याला नव्हती.

त्याविरुद्ध बाजार समित्यांत उघड लिलावाचा नियम आला. मोठ्यानं बोली, सगळ्यांच्या समोर, आणि पट्टीवर आकडा. उघड लिलावातही भाव पडतो, शेतकऱ्याचं नुकसान होतंच. पण का पडला ते कळतं, आणि भांडता येतं.

एआयच्या बाबतीत जगभर जी मागणी चालली आहे, ती रुमाल उचलायची. युरोपात 2018 पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण कायद्यात, एखादा मोठा परिणाम करणारा निर्णय फक्त मशीननं घेतला असेल, तर माणसाकडून तो तपासून घेण्याचा हक्क दिला आहे. 2024 साली तिथं खास एआयसाठी कायदा झाला. कर्ज, नोकरी, सरकारी मदत अशा ठिकाणी एआय वापरायचं तर माणसाची देखरेख हवी, असं त्यात आहे.

आपल्याकडं आज काय हातात आहे?

एआयवर वेगळा कायदा भारतात अजून नाही. पण अगदी रिकामे हात आहेत असंही नाही, आणि हे मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण काउंटरच्या पलीकडं उभ्या असलेल्या माणसाला हे सहसा कुणी सांगत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढच्या वर्षी आधारच्या निकालात न्यायालयानं आधार योजना मान्य केली, पण ठसे जुळले नाहीत म्हणून कुणी हक्काच्या लाभाला मुकता कामा नये, हेही बजावलं. रेशनबाबत केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं होतं की अंगठा जुळला नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नका, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवा आणि नोंद ठेवा. म्हणजे आक्कांना परत पाठवायला नको होतं. दुकानदाराला हे माहीत नव्हतं, कारण मशीनवर तसं बटण त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

माहिती अधिकार कायदा 2005 चा. त्याच्या चौथ्या कलमात एक ओळ आहे, तिच्याकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. सरकारी कार्यालयानं घेतलेल्या निर्णयाची कारणं, ज्याच्यावर परिणाम झाला त्या माणसाला द्यायची असतात. ‘सिस्टिम घेत नाही’ हे कारण होऊ शकत नाही. "कुठल्या नियमानं आणि कुठल्या माहितीवरून नाकारलं, ते लेखी द्या," असं मागता येतं. सेवा मुदतीत मिळाली नाही तर महाराष्ट्राच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं.

कर्जाचं म्हणाल, तर सांगली-साताऱ्यात ‘सिबिल खराब आहे’ हे वाक्य आता भाकरीइतकं रोजचं झालंय. सिबिल ही कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी पतमाहिती कंपनी. तिचा स्कोअर 300 ते 900 च्या मधला एक आकडा असतो, आणि तोही अल्गोरिदमनंच काढलेला. अर्ज नाकारला तर बँकेनं त्याचं मुख्य कारण लेखी कळवावं, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मागता येतो. तो मागाच. फेडलेलं कर्ज ‘बाकी’ दिसतंय, दुसऱ्याच कुणाचं कर्ज आपल्या नावावर चढलंय, असले घोटाळे मी डोळ्यांनी बघितलेत. तक्रार केल्यावर 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळायचा नियम 2024 पासून आहे.

डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा, पुसायला लावण्याचा आणि तक्रारीचा हक्क त्यात आहे. पण मशीननं निर्णय का घेतला ते विचारण्याचा हक्क त्यात नाही. ही त्रुटी मोठी आहे. येत्या काळात आमदार-खासदारांना विचारायचा प्रश्न तोच आहे, असं माझं मत आहे.

"माझ्याकडं लपवण्यासारखं काय आहे?"

हे पुष्कळ जण म्हणतात. आक्कांकडंही लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी आधार दिलं, ठसे दिले, मोबाईल नंबर दिला, जे मागितलं ते सगळं दिलं. होरायझनवाल्या पोस्टमास्तरांनी तर सगळे हिशेब उघडून दाखवले होते. लपवणारा अडकला, प्रामाणिक सुटला, असं या एकाही प्रकरणात झालेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी आक्कांबरोबर दुकानात गेलो. केंद्राच्या त्या सूचनेचा प्रिंट घेऊन गेलो होतो. दुकानदारानं तो दोनदा वाचला, पुरवठा विभागात कुणालातरी फोन लावला, आणि मग म्हणाला, "आक्का, आधी दाही बोटं बघू एकदा." कुठलं बोट नीट जुळतं ते तपासायची सोय आधारच्या यंत्रणेतच आहे, फक्त बसून एकेक बोट लावायला वेळ लागतो. रांग थांबली. कुणी कुरकुरलं नाही. उजवा हात सगळा गेला. डाव्याचा अंगठा गेला, तर्जनी गेली. तिसऱ्या बोटाला हिरवा दिवा लागला.

दुकानदारानं रेशनकार्ड उलटं केलं आणि मागच्या पुठ्ठ्यावर निळ्या पेनानं लिहिलं, ‘डावं, मधलं’.